हातविणीच्या मोज्यांवरची नक्षी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मोजे विणायला शिकणाऱ्या बायका आणि अलीकडे काही कॉलेजची मुलंसुद्धा जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. ज्यांना साधा मोजा विणता येतो आणि आता त्यावर काहीतरी उठून दिसणारं हवं आहे, त्यांच्यासाठी हे पान आहे. माझं एक म्हणणं सगळ्या उत्तरांत येत राहील: आधी जागा ठरवा, मग चित्र. मोजा ताणला जातो, घासला जातो, चपलेत नाहीतर बुटात दाबला जातो आणि सारखा धुतला जातो. एवढं सोसून जी टिकते, ती मोज्याची नक्षी.

अक्का, साधा मोजा येतो. नक्षी कधी सुरू करू?

टाच वळवताना कागदात बघावं लागत नाही आणि जोडीतले दोन्ही मोजे एकाच लांबीचे उतरतात, एवढं जमलं की करा सुरू. नक्षी आली की लक्ष तिकडेच अडकतं. टाच तोवर हाताला पाठ झालेली बरी.

लोकर कुठली घ्यायची? स्वेटरची उरलेली चालेल का?

चालत नाही असं नाही, पण मोजा जाड होतो आणि बुटात पाय जात नाही. वर्धमान, ओसवाल यांच्या गुंड्या आपल्याकडे सहज मिळतात. त्यातल्या बऱ्याचशा ॲक्रिलिकच्या किंवा मिश्र असतात. शिकायला ॲक्रिलिक चांगलं: स्वस्त, रंग भरपूर, उसवून पुन्हा विणलं तरी कुरकुर नाही. पण त्यात पाय घामेजतो. कॉटनला स्वतःची लवचीकता फार कमी, त्यामुळे वरची बॉर्डर सैल पडून मोजा घोट्यावर गोळा होतो. उन्हाळ्यासाठी कॉटन घेणारच असाल तर थोडं नायलॉन किंवा इलॅस्टिक मिसळलेलं बघा.

रोजच्या वापराला सगळ्यात चांगला धागा म्हणजे 75 टक्के लोकर आणि 25 टक्के नायलॉन, घट्ट पिळाचा, 100 ग्रॅमच्या गुंडीत साधारण 400 मीटर भरणारा. बायकांच्या मापाच्या जोडीला 60 ते 70 ग्रॅम पुरतो. नायलॉन टाच आणि पंजा लवकर विरू देत नाही.

नक्षीसाठी रंगाचा विचार वेगळा करावा लागतो. उलट टाक्यांची नक्षी फिक्या, एकरंगी धाग्यावर दिसते: हळदी, मोतिया, राखाडी, पोपटी. काळ्या किंवा गर्द निळ्यावर तीच नक्षी बोटांना लागते पण डोळ्यांना दिसत नाही. आणि ज्या धाग्यात रंग आपोआप बदलत जातात, त्यावर नक्षी घालू नका. रंग आणि नक्षी एकमेकांना खाऊन टाकतात. त्या धाग्याचा साधा मोजाच छान दिसतो.

बेळगावात लोकरीचे मोजे लागतात तरी किती?

हा प्रश्न बहुतेक पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांकडून येतो. डिसेंबर-जानेवारीची पहाट आहेच, पण आपल्याकडे खरा वापर पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर जांबोटी, कणकुंबी, लोंढा भागात फरशी गार पडलेली असते, कपडे दमट असतात, म्हाताऱ्या माणसांचे पाय तासन् तास गरम होत नाहीत. लोकर थोडी दमट झाली तरी ऊब देते. कॉटन ओलं झालं की पाय आणखी गार करतं.

टाके किती घालायचे?

आधी नमुना विणा. 13 नंबरच्या सुया म्हणजे 2.25 मिलिमीटर, 12 नंबर म्हणजे 2.75. बारीक धागा 13 नंबरवर विणला की 10 सेंटिमीटरमध्ये साधारण 32 टाके आणि 44 ओळी बसतात. हात सैल असेल तर 14 नंबर घ्या, सुईच्या नंबरापेक्षा टाक्यांचा हिशेब महत्त्वाचा.

आता पंजाचा घेर मोजा, बोटांच्या मुळाशी, जिथे पाय सगळ्यात रुंद आहे तिथे. समजा 21 सेंटिमीटर आला. 21 गुणिले 3.2 म्हणजे 67 टाके. मोजा पायाला धरून बसायचा तर घेर पायापेक्षा दहा टक्के कमी हवा. म्हणजे 60. चाराने भाग जातो, चार सुयांवर 15-15 टाके आणि पाचवी सुई विणायला. या पानावरचे पुढचे सगळे आकडे याच 60 टाक्यांच्या मोज्याचे आहेत.

हे दहा टक्के म्हणजेच नक्षीची पहिली अट. मोजा पायात गेला की आडवा ताणला जातो आणि नक्षी रुंदावते. म्हणून नमुना नुसता टेबलावर ठेवून बघू नका, जरा आडवा ताणून बघा. ताणल्यावर चांगला दिसला तरच घ्या.

नक्षी मोज्यावर नेमकी कुठे घालायची?

यावर मी सगळ्यात जास्त बोलते, कारण घरी आलेल्या दहातल्या निम्म्या तक्रारी चित्राच्या नसून जागेच्या असतात.

तळवा, टाच आणि बोटं इथे नक्षी नको. तळव्यावर उलट टाक्यांचे उंचवटे टोचतात, टाचेवर ते झिजतात, बोटांवर ते बुटाला घासतात. उरल्या तीन जागा: पायाची वरची बाजू, घोट्याच्या दोन्ही कडा आणि पोटरीकडचा भाग.

वरची बाजू शिकायला सोपी, कारण नजर तिथेच जाते. पण आपल्याकडे लोक मोज्यावर चप्पल घालतात. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड आणि विजापूर हे चार जिल्हे आहेत. अथणी-निपाणीची चप्पल आपल्या घराघरांत आहे. तिचा आडवा पट्टा बरोबर पायाच्या वरच्या भागावर बसतो. तिथे नक्षी घातली की दिसतही नाही आणि घासून लव मात्र येते. चप्पल घालणाऱ्या माणसाची नक्षी घोट्याच्या बाहेरच्या कडेला घ्या. चालताना ती सुटी दिसते, पट्टा लागत नाही.

बायकांच्या मोज्याला आणखी दोन गोष्टी बघायच्या. जोडवी दुसऱ्या बोटात असतात, आणि जोडव्याची फट आतून धागा पकडते. म्हणून बोटांकडच्या भागात मागे लोंबते धागे अजिबात नकोत. पैंजण मोज्यावर घालत असाल तर त्याची कडी आणि घुंगरू ज्या उंचीवर फिरतात, ती उंची मोजा आणि नक्षी तिच्या दोन बोटं वर संपवा. ज्या आजी पैंजण काढत नाहीत, त्यांच्यासाठी मी नक्षी थेट बॉर्डरच्या खाली घेते.

पहिली नक्षी कुठली करू?

उलट टाक्यांची शंकरपाळी. वेगळा रंग नाही, जादा सुई नाही, टाक्यांची संख्या बदलत नाही. चुकलं तरी मोजा मोजाच राहतो.

नक्षी 9 टाक्यांची आहे. गोल विणताना सगळे फेरे सरळ बाजूनेच होतात, म्हणून जिथे उलट लिहिलं आहे तिथे उलट, बाकी सगळं सुलट.

पहिला फेरा: 4 सुलट, 1 उलट, 4 सुलट.
दुसरा: 3 सुलट, 1 उलट, 1 सुलट, 1 उलट, 3 सुलट.
तिसरा: 2 सुलट, 1 उलट, 3 सुलट, 1 उलट, 2 सुलट.
चौथा: 1 सुलट, 1 उलट, 5 सुलट, 1 उलट, 1 सुलट.
पाचवा: 1 उलट, 3 सुलट, 1 उलट, 3 सुलट, 1 उलट.

मग उलट्या क्रमाने चौथा, तिसरा, दुसरा, पहिला. पण हे असंच विणलं तर शंकरपाळी बसकी होते, कारण विणलेला टाका उंचीपेक्षा रुंद असतो. साधारण 5 टाक्यांची रुंदी 7 ओळींच्या उंचीएवढी. म्हणून दुसरा आणि चौथा फेरा जिथे जिथे येतो, तिथे दोन-दोनदा विणा. क्रम असा होतो: 1, 2, 2, 3, 4, 4, 5, 4, 4, 3, 2, 2, 1. एकूण 13 फेरे, आणि शंकरपाळी चारी बाजूंनी सारखी दिसते.

दोन शंकरपाळ्यांमध्ये 3 साधे फेरे सोडा. बॉर्डर 4 सेंटिमीटर आणि त्याखाली टाचेपर्यंत 11 सेंटिमीटर धरले, तर एकाखाली एक तीन शंकरपाळ्या नेमक्या बसतात.

विणताना एक गंमत लक्षात येईल. उलट टाके आडवे ओळीने आले की पुढे उठतात, आणि उभे एकावर एक आले की मागे दबतात. बॉर्डरमध्ये उलट टाके खोल का जातात, ते याचमुळे. म्हणून उलट टाक्यांची उभी रेघ काढून वेलीचं खोड करायला गेलात तर खोड गायब होतं. तिरक्या रेघा आणि ठिपके मात्र छान उठतात.

डावा-उजवा मोजा वेगळा करायचा का?

नक्षी बाहेरच्या कडेला असेल तर करावाच लागतो. वरून खाली विणत असाल आणि फेरा पोटरीच्या मधून सुरू होत असेल, तर उजव्या पायाची बाहेरची कड पहिल्या आणि दुसऱ्या सुईच्या सांध्यावर येते. 60 टाक्यांत शंकरपाळी 11 ते 19 या टाक्यांवर घ्या. डाव्या पायाची कड तिसऱ्या-चौथ्या सुईच्या सांध्यावर, तिथे 42 ते 50.

विणताना मोर बरोबर दिसत होता, पायात घातल्यावर उलटा झाला. असं का?

वरून खाली विणताना मोजा तुमच्या हातात डोक्यावर उभा असतो. आलेखाचा कागद फिरवून उलटा धरा आणि मग नेहमीसारखा खालून, उजवीकडून वाचा. शंकरपाळीला फरक पडत नाही, पण मोर, कोयरी, हत्ती, अक्षरं यांना पडतो. कोयरीची टोकं दोन्ही पायांवर समोरासमोर हवी असतील तर दुसऱ्या मोज्यासाठी आरशातला आलेख वेगळा काढून ठेवा. विणता विणता मनात उलटवायला जाऊ नका.

कसुतीची, इरकलच्या पदराची, खणाची नक्षी मोज्यावर येईल का?

येईल, आणि यावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. मोज्यांचे नमुने शोधायला गेलं की हिमकण आणि हरणं पुढ्यात येतात. ती त्यांच्या देशात शोभतात. आपल्या हाताशी एवढा मोठा नक्षीचा साठा असताना बाहेर बघायची गरज नाही.

इरकलचा पदर नीट न्याहाळा. लाल-पांढऱ्या भागांच्या मधे कंगव्याचे दात, किल्ल्याचा तट, जोंधळ्याचं कणीस, डोंगररांग अशा आकृती असतात. किल्ल्याचा तट मोज्याच्या बॉर्डरखाली इतका सहज बसतो की तो मोज्यासाठीच काढलाय असं वाटावं. 3 टाके लाल, 3 पांढरे असे 4 फेरे विणा, त्याखाली 2 फेरे नुसते लाल. 6 टाक्यांचा नमुना 60 टाक्यांत बरोबर दहा वेळा येतो, सांधा दिसत नाही. कंगव्याचे दात म्हणजे एक टाका लाल, एक पांढरा, 5-6 फेरे तसेच. गुळेदगुड्डच्या खणावरच्या बारीक बुट्ट्या तर 5-7 टाक्यांत मावतात.

कसुतीला जरा विचार लागतो. धारवाडकडची ही भरतकामाची कला कापडाचे धागे मोजून केली जाते, म्हणून ती आलेखावर लगेच उतरते. पण तिचे चार टाके सारखे वागत नाहीत. गवंती आणि मुरगी म्हणजे रेघेचं काम. रेघ दोन चौकटींच्या मधून जाते, विणकामात मात्र आपल्याला चौकटच भरावी लागते. गवंतीतलं गोपुर चौकटींत भरलं की त्याच्या नाजूक कळसांचा ठोकळा होतो. नेयगी आणि मेंथी मुळातच जागा भरणाऱ्या, त्या मोज्यावर छान येतात. म्हणून भरीव नमुना निवडा.

आणि पुन्हा तोच 5 ला 7 चा हिशेब. साध्या चौकोनी आलेखावरचा 15 चौकटी रुंद, 15 उंच हत्ती मोज्यावर बुटका निघतो. त्याला 21 ओळी लागतात. सोपा उपाय सांगते: कोऱ्या कागदावर 7 मिलिमीटर रुंद आणि 5 मिलिमीटर उंच अशा चौकटी आखा आणि त्यातच चित्र काढा. कागदावर जे दिसेल तेच मोज्यावर येईल. असा कागद एकदा आखून झेरॉक्स काढून ठेवला की कायमचा उपयोग होतो.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या कन्नड भाषिक मैत्रिणींच्या घरी आजीच्या हातची कसुतीची साडी असते. त्यांना ती उघडून दाखवायला सांगा. टाका मोजायला त्यांच्याइतकं चांगलं कोणी शिकवत नाही.

तुळशी वृंदावन, स्वस्तिक, ओम पायातल्या मोज्यावर घालावं का?

घालू नये. कसुतीत गोपुर, रथ, तुळशी वृंदावन पुष्कळ येतात, पण ती साडीवर असतात. पायात घालायच्या वस्तूवर ते नको. स्वतःला चालत असलं तरी जो मोजा भेट जाणार, त्या घरातल्या सासूबाईंना, आजोबांना ते टोचणार. कोयरी, शंकरपाळी, रुईफूल, वेल, मोर, हत्ती, जोंधळ्याचं कणीस एवढं सगळं मोकळं आहे. माझ्या मते कमळही टाळलेलं बरं. देवनागरी अक्षर कोणी मागितलं तर पूर्ण नाव घालत नाही. बॉर्डरच्या आतल्या बाजूला एखादं आद्याक्षर, तेवढंच.

दोन रंगांत विणलं की मोजा पायात जातच नाही. काय चुकतं?

मागचा धागा ओढला जातो. एक रंग विणताना दुसरा मागून जातो, आणि तो आडवा धागा ताणत नाही. एकरंगी मोजा टाचेवरून जाताना भरपूर पसरतो, दुरंगी पसरत नाही. आणि टाच व पायाची वरची बाजू मिळून जो तिरका घेर होतो तो घोट्यापेक्षा बराच मोठा असतो. मोजा तिथेच अडतो.

रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे टाके बोटांनी पसरून घ्या, मग दुसरा रंग विणा. मागचा धागा सैल वाटला तरी चालेल, कमी पडला तर चालणार नाही. नक्षीच्या भागापुरती सुई एक नंबर मोठी घ्या, 13 ची 12. तरी घट्ट वाटलं तर 60 ऐवजी 66 टाक्यांवर नक्षी विणा आणि संपल्यावर 6 कमी करा. 5 टाक्यांपेक्षा लांब धागा मागे मोकळा सोडू नका, मधेच एकदा विणत्या धाग्यात अडकवून घ्या. आणि दर काही फेऱ्यांनी मोजा टाचेवरून नेऊन बघा. संपल्यावर कळलं तर सगळं उसवावं लागतं.

कुठला रंग वर आणि कुठला खाली धरायचा हे एकदा ठरवलं की मोजा संपेपर्यंत बदलू नका. खालून येणारा रंग थोडा उठून दिसतो. म्हणून नक्षीचा रंग खाली, जमिनीचा वर.

वेणी आणि जाळी?

वेणी घेर आवळते. 6 टाक्यांच्या वेणीला 2 टाके जादा धरा आणि टाच सुरू होण्याआधी ते कमी करा. जाळी उलट पसरते. जाळीची वीण पायाच्या वरच्या बाजूला सुंदर दिसते पण जोडव्याला आणि चपलेच्या खिळ्याला अडकते. समारंभाचा मोजा असेल तरच घाला.

आधी साधा मोजा विणून मग सुईने नक्षी भरता येईल का?

नक्कीच, आणि कमी टाक्यांच्या बुट्टीला हीच रीत चांगली. बोथट टोकाच्या सुईत लोकर ओवा आणि विणलेल्या टाक्याच्या वाटेवरूनच दुसऱ्या रंगाचा टाका फिरवा: टाक्याच्या तळातून वर या, वरच्या टाक्याच्या दोन्ही पायांमागून सुई घाला, पुन्हा तळात खाली जा. टाक्यावर टाका बसतो आणि नक्षी विणल्यासारखी दिसते. भरताना मोजा काचेच्या बाटलीवर किंवा गुंडाळलेल्या पुठ्ठ्यावर चढवून ठेवा, म्हणजे तो पायात असतो तेवढाच ताणलेला राहील. सैल मोज्यावर भरलं की पायात घालताच भरलेला भाग आकसतो. आत गाठ मारू नका, धाग्याची टोकं मागच्या टाक्यांत तिरकी ओवून टाका. बुटात गाठ किती टोचते हे दिवसभर उभं राहणाऱ्याला विचारा.

गवंतीसारखी रेघ हवी असेल तर ती अशीच वरून भरावी लागते. मात्र तिला ताण नसतो, म्हणून छोटीच ठेवा.

चपलेत घालायला अंगठ्याचे मोजे हवेत. त्यात नक्षी कशी बसवू?

अंगठ्याच्या मुळापर्यंत नेहमीसारखं विणा. 60 टाक्यांत वरचे 11 आणि खालचे 11 असे 22 टाके अंगठ्याच्या बाजूने बाजूला काढून ठेवा, मधे 4 टाके नवे घाला आणि उरलेल्या 42 टाक्यांवर चार बोटांचा भाग पूर्ण करा. मग अंगठ्याच्या 22 टाक्यांत त्या 4 टाक्यांच्या कडेचे 4 उचलून 26 वर अंगठा विणा. कोपऱ्यात भोक राहतंच, शेपटीच्या धाग्याने आतून आवळून घ्या. अशा मोज्यात चपलेचा अंगठा बोटांच्या फटीत बसतो, म्हणून बोटांपासून चार बोटं मागेपर्यंत काही नक्षी नको. घोट्याची बाहेरची कड हीच जागा.

बारशाला बाळाचे मोजे करायचेत.

मणी, टिकली, लांब नाडी, लोंबते धागे यातलं काहीही नको. बाळ मोजा ओढून तोंडात घालतं, आणि आतल्या मोकळ्या धाग्यात त्याचं बोट अडकून रक्त थांबू शकतं. उलट टाक्यांची छोटी शंकरपाळी किंवा एखादी बुट्टी, बस्स. बाळाचा पाय एवढा लहान की एका शंकरपाळीत मोजा भरून जातो.

मुलगा फौजेत आहे. त्याच्यासाठी नक्षीचे मोजे चालतील?

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात असल्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न घरोघरी येतो. ड्युटीच्या बुटात जे मोजे जातात त्यात उंचवटा, शिवण, गाठ काहीही चालत नाही, लांब चालण्यात तिथेच फोड येतो. नक्षी घालायचीच तर फक्त बॉर्डरच्या खाली, पोटरीवर. सुट्टीत घरी घालायच्या मोज्यावर मात्र हवं ते करा. 1962 च्या चीन युद्धाच्या वेळी देशभरच्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर, मोजे विणून पाठवले होते. आजही तो धागा कोणाच्या तरी हातात असतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

ही मोज्यांची नक्षी मूळची कुठली?

घोट्याच्या कडेला उभी नक्षी घालायची पद्धत युरोपात सोळाव्या शतकापासून दिसते. त्या काळी ती विणूनही करत आणि रेशमाने भरूनही. 1589 मध्ये इंग्लंडच्या विल्यम ली याने मोजे विणायचं यंत्र केलं, तरी हाताची नक्षी पुढेही चालू राहिली. त्याही आधीचे, मध्ययुगीन इजिप्तमधले निळ्या-पांढऱ्या सुती धाग्यांचे दुरंगी विणलेले मोजे संग्रहालयांत जपलेले आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्याहून जुने, तिसऱ्या ते पाचव्या शतकांच्या दरम्यानचे इजिप्तचे लोकरी मोजे आहेत. ते एका सुईने गुंफलेले आहेत, आणि त्यांचा अंगठा वेगळा आहे, चपलेत घालण्यासाठी!

घोंगड्याची लोकर मोज्याला वापरू का?

दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ असते. घोंगडं म्हणून पाऊस-थंडीला तिच्यासारखं काही नाही, पण पायाच्या कातडीला ती टोचते आणि बारीक कातली जात नाही. मोज्याला नको.

पावसाळ्यात धुवायचे आणि वाळवायचे कसे?

गार पाण्यात, सौम्य साबणात बुडवून हलकेच दाबा. चोळू नका, पिळू नका. गरम पाणी आणि चोळणं एकत्र आलं की खरी लोकर आटून घट्ट होते, मग ती पूर्ववत होत नाही. टॉवेलात गुंडाळून दाबा आणि पंख्याखाली आडवे पसरा. चुलीवर किंवा बंबाजवळ टांगू नका. ॲक्रिलिकला इस्त्री लावायची नाही, टाके कायमचे चपटे होतात आणि उलट टाक्यांची नक्षी मरते.

लाल-पांढरं इरकलचं रंगमेळ करण्याआधी लाल धागा ओला करून पांढऱ्या सुती कापडावर घासून बघा. रंग उतरला तर तो धागा पांढऱ्याशेजारी घेऊ नका. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो असं सांगतात, तसं होत नाही.

ठेवताना धुऊन, पूर्ण सुकवून ठेवा. कसरीला घामाचे, मळके कपडे जास्त आवडतात. पाऊस संपला की एकदा ऊन दाखवा.

किंमत किती सांगू? लोक म्हणतात, बाजारात शंभराला तीन जोड्या मिळतात.

मिळतात, यंत्रावरच्या. तुमची किंमत लोकरीच्या वजनावर काढू नका. 60 टाक्यांच्या एका मोज्यात नऊ हजारांवर टाके असतात, जोडीत अठरा हजारांवर. नक्षी आली की त्यातले कितीतरी मोजून, थांबून घालावे लागतात. एक जोडी घड्याळ लावून विणा, लागलेले तास लिहा, तुमच्या गावात शिवणकाम करणारी बाई तासाला काय कमावते ते बघा, आणि लोकरीचा खर्च त्यात मिळवा. आकडा मोठा येईल. तो सांगायला लाजू नका. ज्यांना परवडत नाही त्यांना साधा मोजा द्या, नक्षीचा मोजा पडत्या भावात देऊ नका. एकीने भाव पाडला की गल्लीतल्या सगळ्यांचा पडतो, आणि मग शिकलेल्या पोरी सुया ठेवून देतात.

नक्षीच्या मोज्याला भोक पडलं तर?

नक्षी योग्य जागी असेल तर भोक नक्षीला पडत नाही. ते टाचेला नाहीतर अंगठ्याला पडतं, आणि तिथे साधं विणकाम आहे. भोकाभोवतीचे विरलेले टाकेही धरून, मोजा उलट्या वाटीवर किंवा बल्बवर चढवून, आधी उभे धागे भरा आणि मग आडवे एक-आड-एक विणून घ्या. बोटांकडचा भाग फारच गेला असेल तर वरून खाली विणलेला मोजा बोटांपाशी कापून, टाके सुईवर उचलून, तो भाग नवा विणता येतो. वरची शंकरपाळी तशीच राहते. त्यासाठी प्रत्येक जोडीची थोडी लोकर, गुंडीवरच्या चिठ्ठीसकट, छोट्या पिशवीत घालून मोज्यांबरोबरच द्या.